मदतीसाठी फोन, दारात पोलीस

अमेरिकेत घरातल्या कुणाचा मानसिक तोल ढळला, तो स्वतःला इजा करू लागला किंवा भास होऊन रस्त्यावर धावत सुटला, की घरचे ९११ हा क्रमांक फिरवतात. छातीत दुखल्याचे सांगितले तर रुग्णवाहिका येते, आग लागल्याचे सांगितले तर बंब येतो. मुलगा भ्रमिष्टासारखा वागतोय आणि त्याच्या हातात सुरी आहे, असे सांगितले की बहुतेक शहरांत आधी पोलीस येतात. तिथल्या गस्तीवरच्या पोलिसाच्या कमरेला भरलेले पिस्तूल असते. त्यामुळे उपचारांसाठी केलेला फोन कधी कधी मृत्यूवर संपतो.

अशा घटनांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: त्या क्षणी गोळी झाडणे योग्य होते का? पण गेल्या चाळीस वर्षांतली प्रकरणे एकापुढे एक ठेवली की वेगळे चित्र दिसते. फोन घेणाऱ्याने काय विचारले, कोणाला पाठवले, आलेला माणूस दाराबाहेर किती वेळ थांबला आणि रुग्णाला न्यायला जागा होती का, या चार गोष्टींनी त्या क्षणाचा निकाल पुष्कळदा आधीच लावलेला असतो.

आकडे काय सांगतात

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने किती लोक मरतात याची पूर्ण सरकारी नोंद बराच काळ नव्हती. फर्ग्युसन येथे २०१४ मध्ये पोलिसाच्या गोळीने एका तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २०१५ पासून स्वतः अशी नोंद ठेवली. तिच्यानुसार वर्षाला सुमारे एक हजार माणसे पोलिसांच्या गोळीने मरतात आणि त्यांतल्या साधारण पाचात एकाच्या बाबतीत मानसिक आजाराची लक्षणे नोंदलेली आढळतात. जमिनीवर दाबून धरल्याने, टेझरच्या विजेच्या धक्क्याने किंवा कोठडीत झालेले मृत्यू या मोजणीत येत नाहीत.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणाला इजा करत नाहीत आणि पोलिसांकडे येणारे असे बहुतेक फोन बळ न वापरताच मिटतात. मात्र अशा फोनांची संख्या इतकी मोठी आहे की त्यांतला लहानसा हिस्सा बिघडला तरी मृतांचा आकडा मोठा होतो.

हे काम पोलिसांकडे कसे आले

१९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यांतल्या अनेक संस्थांची अवस्था भयानक होती. नवी औषधे आली, रुग्णांच्या हक्कांची जाणीव वाढली आणि मोठी रुग्णालये रिकामी होऊ लागली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी वस्त्यावस्त्यांत मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्ण बाहेर आले, पण ठरवली होती तितकी केंद्रे कधीच उभी राहिली नाहीत.

रात्री दोन वाजता, सणाच्या दिवशी, बर्फ पडत असताना फोन केला तरी हमखास येणारी सरकारी यंत्रणा एकच उरली, ती म्हणजे पोलीस. लॉस एंजेलिस आणि शिकागो येथील तुरुंग आज देशातल्या सर्वांत मोठ्या मानसिक उपचार केंद्रांत गणले जातात, ते याच पोकळीमुळे.

ब्रॉन्क्समधले दोन मृत्यू

२९ ऑक्टोबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पोलीस ६६ वर्षांच्या एलिनॉर बम्पर्स यांच्या घरी गेले. काम होते घर रिकामे करून घेण्याचे. महिना शंभर डॉलरहूनही कमी भाडे होते आणि ते काही महिन्यांचे थकले होते. शहर प्रशासनाने आधी मानसोपचारतज्ज्ञ पाठवून त्यांना तपासले होते. त्या मनोरुग्ण असून त्यांना रुग्णालयाची गरज असल्याचा निष्कर्षही निघाला होता. तरीही आधी घर रिकामे करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे असे ठरले. ढाली आणि माणसाला भिंतीशी रोखून धरायचा दांडा घेऊन पोलीस आत शिरले. बम्पर्स यांच्या हातात सुरी होती. शॉटगनच्या दोन गोळ्यांनी त्यांचा जीव घेतला. गोळी झाडणारा पोलीस १९८७ मध्ये निर्दोष सुटला.

या घटनेनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी नियम बदलले. अशा प्रसंगी माणसाला आहे तिथेच राहू द्यावे, अंतर ठेवावे आणि खास पथक येईपर्यंत थांबावे, असे ठरले.

१८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच ब्रॉन्क्समध्ये डेबोरा डॅनर यांच्या घरी पोलीस पोहोचले. त्यांचेही वय ६६ होते आणि त्यांना स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्याकडे पोलीस यापूर्वीही येऊन गेले होते. हातातली कात्री त्यांनी समजावल्यावर खाली ठेवली. पुढे त्यांनी बेसबॉलची बॅट उचलली आणि सार्जंटने गोळ्या झाडल्या. खास पथकाची वाट पाहिली गेली नव्हती. आपण कमी पडलो, असे पोलीस आयुक्तांनी दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे मान्य केले. सार्जंटवर खटला चालला आणि २०१८ मध्ये तोही निर्दोष ठरला.

डॅनर यांनी २०१२ मध्ये आपल्या आजाराविषयी एक लेख लिहिला होता. बम्पर्स यांच्यासारखी घटना पुन्हा घडू नये म्हणून पोलिसांना शिकवले पाहिजे, असे त्यांनी त्यात म्हटले होते. म्हणजे नियम लेखी होता, धोका कुणालाही नवा नव्हता आणि ज्यांच्यासाठी नियम केला त्यांच्यापैकीच एकीने तो धोका लिहूनही ठेवला होता. त्या रात्री दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत मात्र तो नियम पोहोचला नव्हता.

प्रसंग चिघळतो कसा

पोलीस प्रशिक्षणाचा पाया संशयितावर ताबा मिळवण्याचा असतो. मोठ्या आवाजात हुकूम द्यायचा, तो ऐकला नाही तर पुढची पायरी गाठायची. ज्याच्या कानात आधीच दुसरे आवाज घुमत आहेत, त्याला तो हुकूम कळतच नाही किंवा तो धमकीसारखा वाटतो. तो जागचा हलत नाही, पुटपुटतो किंवा मागे सरकायच्या ऐवजी पुढे येतो. पोलिसाच्या नजरेत ही हुकमाची अवज्ञा ठरते. दोन-तीन जण एकाच वेळी वेगवेगळे ओरडू लागले की गोंधळ आणखी वाढतो.

त्यात ‘एकवीस फुटांच्या नियमा’ची भर पडली. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडले की सुरी घेतलेला माणूस एकवीस फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो, आणि पोलिसाला पिस्तूल काढून झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. सावध राहून अंतर ठेवावे, आडोसा घ्यावा, हा त्याचा बोध होता. पुढे पोलीस दलांत त्याचा अर्थ उलटा फिरला. सुरीवाला एकवीस फुटांच्या आत आला की गोळी झाडायला हरकत नाही, असा समज पसरला.

फिलाडेल्फियात २६ ऑक्टोबर २०२० रोजी वॉल्टर वॉलेस या २७ वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत हेच दिसले. त्याच्या हातात सुरी होती आणि आई रस्त्यावर त्याला आवरायचा प्रयत्न करत होती. दोन पोलिसांनी मिळून १४ गोळ्या झाडल्या. रुग्णवाहिकेसाठी फोन केला होता, असे कुटुंबाचे म्हणणे होते. त्या दोघांकडे टेझर दिलेलेच नव्हते. त्यांच्या हाताशी होता तो हुकूम आणि पिस्तूल. मधली पायरीच नव्हती.

गोळी न झाडताही जीव जातो

२३ मार्च २०२० च्या पहाटे रॉचेस्टर शहरात ४१ वर्षांचे डॅनियल प्रूड थंडीत उघड्या अंगाने रस्त्यावर फिरत होते. आदल्या दिवशी त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात नेले होते आणि काही तासांतच सोडून दिले होते. फोन त्यांच्या भावाने केला होता. पोलिसांनी बेड्या घातल्या तेव्हा त्यांनी प्रतिकार केला नाही. ते थुंकू लागले म्हणून डोक्यावर जाळीची टोपी चढवली गेली, आणि उठायचा प्रयत्न करताच त्यांना सुमारे दोन मिनिटे जमिनीवर दाबून धरले गेले. ते बेशुद्ध झाले आणि आठवड्याभराने वारले. शवचिकित्सा अहवालात दाबून धरल्यामुळे गुदमरल्याची नोंद झाली. चित्रफीत लोकांसमोर आली ती थेट सप्टेंबरमध्ये. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्यूरीने, कुणावरही आरोप ठेवला नाही. २०२२ मध्ये शहराने प्रूड यांच्या मुलांना १ कोटी २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

प्रूड यांच्या अहवालात ‘एक्सायटेड डिलिरियम’ असाही उल्लेख होता. उत्तेजित अवस्थेत माणूस अचानक आपोआप मरतो, अशी ही कल्पना. कोठडीतल्या आणि झटापटीतल्या कितीतरी मृत्यूंना वर्षानुवर्षे हेच कारण दिले गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेने ते निदान म्हणून मानले नाही. तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००९ मधला आपलाच पाठिंब्याचा अहवाल २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत्यूचे कारण म्हणून हा शब्द वापरण्यास बंदी घातली. पालथे पाडून पाठीवर किंवा मानेवर भार दिल्यास श्वास अडकतो आणि धडपडणाऱ्या माणसाला हवा अधिक लागते. ती धडपड प्रतिकार समजली गेली तर भार आणखी वाढवला जातो.

कायदा कोणता प्रश्न विचारतो

पोलीस बळाविषयीचे अमेरिकेतले दोन पायाभूत निवाडे सर्वोच्च न्यायालयाचे आहेत. १९८५ चा ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ हा मेम्फिसमधल्या प्रकरणावरचा. पळणाऱ्या संशयितापासून गंभीर धोका नसेल तर त्याच्यावर गोळी झाडता येणार नाही, असे त्यात ठरले. दुसरा १९८९ चा ‘ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर’. बळ वाजवी होते का हे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहावे, मागाहूनच्या शहाणपणातून पाहू नये, असे त्याने सांगितले.

या दुसऱ्या खटल्यातला ग्रॅहॅम हा मधुमेही होता. साखर खालावल्याने तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला आणि रांग पाहून घाईघाईने बाहेर पडला. पोलिसाला संशय आला. बेड्या घातल्या गेल्या, त्याला दारुडा समजले गेले आणि झटापटीत त्याचा पाय मोडला. आजाराला गुन्हा समजण्याच्या घटनेतूनच देशभर लागू होणारी कसोटी जन्मली.

या कसोटीत आधीच्या चुकांना किती महत्त्व द्यायचे हा वाद पुढे चालू राहिला. सॅन फ्रान्सिस्कोत २००८ मध्ये एका निवासगृहातल्या मनोरुग्ण महिलेला रुग्णालयात न्यायला मदत म्हणून समाजसेवकाने पोलीस बोलावले. तिने सुरी उगारताच पोलीस बाहेर आले, दार बंद झाले आणि मग कुमक येण्याची वाट न पाहता ते पुन्हा आत घुसले. तिला गोळ्या लागल्या, ती वाचली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना दाव्यापासून संरक्षण दिले. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा अशा अटकेला कसा लागू होतो, याचे उत्तर मात्र दिले नाही. मे २०२५ मध्ये ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ या वाहनतपासणीच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितले की धोक्याचा तेवढा एक क्षण पाहून भागणार नाही, सर्व परिस्थिती पाहावी लागेल. पोलिसानेच धोका ओढवून घेतला असेल तर काय, हा मुद्दा तेव्हाही खुला ठेवला गेला. न्यायालयात शेवटचे दोन सेकंद तपासणे सोपे असते. त्याआधीच्या निर्णयांची जबाबदारी कुणाच्या नावावर टाकायची, हे ठरवणे अवघड आहे.

मेम्फिसची पद्धत

सप्टेंबर १९८७ मध्ये मेम्फिसमध्ये एका आईने फोन केला. तिचा २७ वर्षांचा मुलगा सुरीने स्वतःला भोसकत होता. पोलिसांनी सुरी टाकायला सांगितली, तो त्यांच्या दिशेने धावला आणि गोळ्यांना बळी पडला. तो कृष्णवर्णीय होता, पोलीस गोरे. शहर संतापले. पोलीस, रुग्णांची कुटुंबे, डॉक्टर आणि विद्यापीठे यांनी एकत्र बसून १९८८ मध्ये एक पद्धत घडवली. ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’, म्हणजे सीआयटी, या नावाने ती देशभर गेली.

तिचे भाग तीन. स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांना ४० तासांचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्यात रुग्ण व नातेवाईक यांच्याशी थेट भेट घालून द्यायची. फोन घेणाऱ्यांनी असे फोन ओळखून याच पोलिसांना पाठवायचे. तिसरा भाग रुग्णालयाचा: पोलिसांनी आणलेल्या कुणालाही परत पाठवायचे नाही आणि पोलिसाला लवकर मोकळे करायचे. हा तिसरा भाग दिसायला किरकोळ वाटतो, पण सगळे त्यावर अडते. आपत्कालीन कक्षात सहा तास बसावे लागणार असेल तर पोलीस रुग्णाला तुरुंगात पोहोचवून मोकळा होतो.

पुढे अडीच हजारांहून अधिक ठिकाणी ही पद्धत पोहोचली. अनेक गावांनी तिच्यातले चाळीस तासच तेवढे उचलले आणि रुग्णालयाची व्यवस्था सोडून दिली. प्रशिक्षणाने पोलिसांची समज वाढते आणि ते अधिक रुग्णांना उपचारांकडे नेतात, हे अभ्यासांत दिसते. बळाचा वापर आणि इजा कमी होतात का, यावर निष्कर्ष एकसारखे नाहीत.

अंतर, आडोसा आणि वेळ

पोलीस अधिकाऱ्यांच्याच ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या संस्थेने २०१५ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांना स्कॉटलंडला नेले. तिथले बहुसंख्य पोलीस बंदुकीविना काम करतात. सुरी असलेल्या माणसाला ते कसे हाताळतात, हे या अधिकाऱ्यांनी पाहिले. त्यातून २०१६ मध्ये ‘आयकॅट’ हे प्रशिक्षण निघाले. मागे सरका, मध्ये गाडी किंवा दार ठेवा, एकानेच बोला, मोकळे प्रश्न विचारा, घाई करू नका, हे त्याचे सूत्र. समोरच्याकडे बंदूक नसेल तर वेळ पोलिसाच्या बाजूने असतो, हा त्यामागचा विचार. लुईव्हिल शहरात या प्रशिक्षणानंतर बळाच्या घटना सुमारे २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या इजा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या इजा ३६ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. समोरच्याला वेळ देण्यात पोलिसाचाही जीव सुरक्षित राहतो, हे या आकड्यांवरून दिसते.

पोलिसांविना जाणारी गाडी

ओरेगनमधल्या यूजीन शहरात १९८९ मध्ये ‘व्हाइट बर्ड’ या दवाखान्याने ‘कहूट्स’ ही सेवा सुरू केली. एक वैद्यकीय कर्मचारी, एक समुपदेशक आणि एक पांढरी व्हॅन, शस्त्र काहीच नाही. २०१९ मध्ये त्यांनी सुमारे २४ हजार फोन हाताळले आणि पोलिसांची कुमक मागवावी लागली ती शंभरात दोनहूनही कमी वेळा. शहर पोलिसांनी यावर शंका घेतली. यांतल्या बऱ्याच कामांना पोलीस गेलेच नसते, त्यामुळे पोलिसांचे खरे काम पाच ते आठ टक्केच कमी झाले, असा त्यांचा हिशेब होता. ही शंका रास्त आहे. अशी गाडी निराधारांना आणि एकट्या पडलेल्यांना मोठा आधार देते, पण सुरी हातात असलेल्या माणसाचा प्रश्न तिच्याने पूर्ण सुटत नाही.

डेन्व्हरने जून २०२० मध्ये ‘स्टार’ नावाची अशीच सेवा सुरू केली. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ फोन, एकही अटक नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की या सेवेच्या भागात किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या. जुलै २०२२ पासून देशभर ९८८ हा मानसिक संकटासाठीचा क्रमांकही सुरू झाला.

यूजीनमधली सेवा मात्र एप्रिल २०२५ मध्ये पैशांअभावी बंद पडली. देशभर जिचे दाखले दिले गेले ती सेवा, छत्तीस वर्षे चालूनही, दरवर्षीच्या अनुदानावरच उभी होती.

भारतातला कायदा

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम १०० पोलिसांच्या कर्तव्यांविषयी आहे. हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही किंवा तिच्यापासून तिला वा इतरांना धोका आहे असे वाटल्यास ठाणे अंमलदाराने तिला संरक्षणात घ्यायचे. संरक्षणात घेण्याचे कारण तिला सांगायचे. शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. कोणत्याही परिस्थितीत तिला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणे हेही ठाण्याचेच काम.

घरातल्या रुग्णाच्या तातडीच्या उपचारांसाठी कलम ९४ आहे. जीव धोक्यात असेल किंवा गंभीर इजेची शक्यता असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंतचे उपचार देऊ शकतो. त्यात रुग्णाला नेणेही येते. कलम ९५ नुसार रुग्णाला साखळदंडाने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण मेले, ती आठवण या तरतुदीमागे आहे. पोलिसांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे, असे कलम ३० सांगते.

आपल्या हवालदाराच्या हातात बहुधा पिस्तूल नसून लाठी असते, त्यामुळे प्रसंगाचे रूप वेगळे. बाकी प्रश्न तेच. कायदा संरक्षणात घेतल्यानंतरचे बरेच सांगतो, पण दारात उभे राहून काय बोलायचे, किती अंतर ठेवायचे, धरायची वेळ आलीच तर कसे धरायचे, हे सांगत नाही. न्यायची जागाही दूरच असते. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी आहेत.

फोन करताना काय सांगावे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोग्या काही गोष्टी तिथल्या रुग्ण-कुटुंबांच्या संघटना आवर्जून सांगतात. जिवाला तातडीचा धोका नसेल तर आधी ९८८ वर बोलावे. ९११ फिरवावाच लागला तर पहिल्याच वाक्यात हा मानसिक आजाराचा प्रसंग आहे असे सांगावे आणि सीआयटी प्रशिक्षित पोलीस पाठवा अशी मागणी करावी. आजाराचे नाव, चालू औषधे, घरात शस्त्र आहे की नाही, रुग्णाला इंग्रजी नीट कळते का, कशाने तो बिथरतो आणि कशाने शांत होतो, हे सांगावे. शक्य असल्यास बाहेर येऊन पोलिसांना भेटावे आणि हात रिकामे ठेवावेत. भारतात मानसिक मदतीसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, जिवावर बेतले असेल तर ११२.

ही सावधगिरी घरच्यांना शिकावी लागते, यातच व्यवस्थेची उणीव दिसते. आई घाबरलेली असताना योग्य शब्द तिला सुचतीलच असे नाही. ते विचारून घेणे हे फोन घेणाऱ्याचे काम आहे, योग्य माणूस पाठवणे नियंत्रण कक्षाचे आणि खाट राखणे रुग्णालयाचे. ही तिन्ही कामे ज्या शहरात अर्धवट राहतात, तिथे उरलेला सगळा निर्णय दारातल्या पोलिसावर येऊन पडतो आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असते. म्हणून अशा मृत्यूनंतरच्या चौकशीने गोळी झाडणाऱ्याबरोबरच या तिघांचाही जबाब घ्यायला हवा.